डाव्या पानावरची गाडी

एक्स-रे काढायला शिकताना पहिली गोष्ट शिकवतात ती डावं-उजवं. शिशाचे दोन छोटे ठसे असतात, एक डाव्याचा, एक उजव्याचा. पेशंटचा गुडघा नीट ठेवला की शेजारी त्या बाजूचा ठसा ठेवायचा आणि मगच बटण दाबायचं. कारण फिल्म उलटी धरली तरी हाड हाडासारखंच दिसतं, आणि सर्जन नेहमी घाईत असतात. एकोणतीस वर्षांत माझ्यामुळे कुणाचा चांगला गुडघा कापला गेलेला नाही. नव्या मुलींकडून मी एवढं एकच घोकून घेते, आणि त्या मला पाठीमागे 'डावी-उजवी बाई' म्हणतात. म्हणोत बापड्या.

आणि एवढी मी शहाणी, तर माझ्याच घरातली उलटी फिल्म मला बेचाळीस वर्षं दिसली नाही.

दिसली ती आमच्या हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीत. या गृहस्थांना जुन्या मोटारशर्यतींचं वेड. स्वतः गाडी चालवतात तेव्हा सायकलवाले त्यांना मागे टाकतात, पण खोलीत भिंतभर त्या शर्यतींच्या फोटोंची पुस्तकं. एकेक पुस्तक उशीएवढं जाड. उघडण्याआधी हात धुतात, ऑपरेशनला धुवावेत तसे. कुठल्या गाडीला किती कार्ब्युरेटर होते, कुणाच्या चाकाला किती तारा होत्या, सगळं तोंडपाठ. मी त्या कपाटाकडे कधी बघायची नाही. का बघत नाही हे हॉस्पिटलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मी फिल्म द्यायला गेले तर पुस्तक उघडंच होतं. "या, या," डॉक्टर म्हणाले. "या खेळातला सगळ्यात दुःखी फोटो दाखवतो तुम्हाला. आठ नंबरची शेवटची चाकबदली." मला मागे फिरायला वेळच मिळाला नाही.

आता आधी काय झालं होतं ते सांगते.

माझे बाबा मेकॅनिक. रस्त्यावरच्या नाही, रेसच्या गाड्यांचे. बंद पडलेल्या एका विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या आणि एका हौशी मालकाच्या दोन गाड्या तिथे पळायच्या. शर्यत चालू असताना गाडी मध्येच थांबायची आणि चाकं बदलायची. पुढची दोन चाकं दोघांकडे: डावं बाबांकडे, उजवं मामाकडे. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याला बाबांनीच हात धरून कामाला लावलं होतं. त्या गाड्यांच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट असायचा, दोन कानांचा. नवं चाक चढवायचं, नट फिरवायचा आणि जड हातोडीने त्याच्या कानावर घाव घालून तो बसवायचा. तीन घाव. चौथ्याला वेळ नसायचा.

त्या दिवशी आठ नंबरची गाडी खुणेच्या चांगली पुढे जाऊन थांबली. सगळे तिच्यामागे धावले. चाकं बदलली, गाडी सुटली, आणि पुढच्याच फेरीत तिचं पुढचं उजवं चाक निघालं. चालवणारा सव्वीस वर्षांचा होता. तो जागीच गेला.

चौकशी झाली. बाबा म्हणाले, मी डावीकडे होतो, नेहमीसारखा. मामा म्हणाला, गाडी पुढे थांबली त्या धावपळीत आमच्या बाजू बदलल्या, डावीकडे मी होतो. बाकीचे आपापल्या कामात माना खाली घालून होते, छातीठोकपणे कुणी काही सांगेना. वर्षभर ते तसंच लोंबकळत राहिलं. मग पुस्तक आलं.

मालकाने बाबांना ऑफिसात बोलावलं आणि पुस्तक उघडून पुढ्यात टाकलं. डाव्या पानभर तो फोटो: आठ नंबरची गाडी उजव्या बाजूने दिसते आहे, तिच्या पुढच्या चाकापाशी बाबा एका गुडघ्यावर बसलेत, हातोडी हातात आणि नजर भलतीकडेच. खाली लिहिलेलं, 'शेवटचा घाव. काही क्षणांनी हेच चाक निखळलं.' बाबांनी मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, "मग मीच असणार. फोटो कशाला खोटं बोलेल?" त्याच वाक्यासकट ते घरी आले आणि त्यांनी आईला सगळं सांगितलं. मी शेजारी गृहपाठ करत होते. मला नऊ पूर्ण होऊन दहावं लागलं होतं.

त्यानंतर बाबांना कुठल्याच रेसच्या गॅरेजने दारात उभं केलं नाही. लोक त्यांना 'ढिल्या' म्हणायला लागले. शाळेत मी ढिल्याची पोर. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा मागून कुणीतरी हळूच पाना फिरवल्याचा आवाज काढायचा, आणि वर्ग फुटायचा. मी दोघांचे दात पाडले, त्याने काही फरक पडला नाही. मामाने पुढे स्वतःचं गॅरेज काढलं आणि बाबांना तिथे ठेवून घेतलं, सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायला. तीस वर्षं बाबांनी भाग धुतले. चाकाला हात लावायचा नाही हा नियम त्यांनीच स्वतःला घालून घेतला होता. गॅरेजमध्ये पंक्चर निघालं तरी ते उठून बाहेर जायचे. माझ्या शिक्षणाला मामा उभा राहिला. "माझा भाऊ होता म्हणून आपण तरलो," असं आई म्हणायची, आणि हेच म्हणत गेली. आमच्या घरात ते पुस्तक कधी आलं नाही, मीही कुठे जाऊन शोधलं नाही. बापाच्या हातून माणूस मरतोय तो क्षण कोण मुद्दाम बघायला जाईल?

तर तो क्षण डॉक्टरांच्या टेबलावर होता, आणि मी बघितला.

आधी चेहरा पाहिला. किती तरुण होते. मग सवयीने हात पाहिले, कारण माझं अर्धं आयुष्य लोकांचे हात बघण्यात गेलंय. बाबांच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच आहे. सतराव्या वर्षी पंख्याच्या पट्ट्यात गेलं. लहानपणी रस्ता ओलांडताना मी तेच अर्धं बोट धरायची, माझ्या मुठीत ते बरोबर मावायचं. फोटोत एक हात टायरवर पसरलेला होता आणि त्याचं ते बोट अर्धं होतं. पण तो उजवा हात होता. हातोडी डाव्या हातात होती. आमच्या बाबांना डाव्या हाताने साधा भांगसुद्धा पाडता येत नाही.

मी शर्टाची बटणं पाहिली. तीही बायकांच्या शर्टासारखी उलट्या बाजूला.

"सर, हा फोटो उलटा छापलाय," मी म्हणाले.

डॉक्टर हसले. "अहो, बेचाळीस वर्षं हजारो लोकांनी पाहिलाय हा."

"आठचा आकडा आरशातही आठच दिसतो, सर."

त्यांनी भिंग काढलं. गाडी एका माणसाची, चालवणारा बरोबर मध्ये बसणारा, धुराची नळी थेट शेपटातून निघणारी. डावी बाजू काय न् उजवी काय, सारखीच. मी बटणं दाखवली, बोट दाखवलं. चाकाच्या तारा मोजणारा हा माणूस त्या हातांकडे आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. "पण या मेकॅनिकचं कुठल्या हाताचं बोट तुटलं होतं हे तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी विचारलं.

"ते माझे वडील आहेत. घरी आहेत. आत्ता जेवून झोपले असतील."

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी एक काम चांगलं केलं: त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय आणि तीन आठवड्यांत छापायला जातेय हे सांगितलं, आणि प्रकाशकाकडे स्वतः फोन लावून दिला.

प्रकाशकाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. जिन्यातच कागदाचे गठ्ठे, आत गोंदाचा आणि शिळ्या कॉफीचा वास. प्रकाशकबाई माझ्याच वयाच्या, बोलायला गोड. त्यांनी नव्या आवृत्तीसाठी जुन्या पानं लावणाऱ्यालाच बोलावून घेतलं होतं; म्हणजे पुस्तकात कुठला फोटो कुठे, केवढा, हे ठरवणारा. सत्तरी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या सुती मोज्यांत हात. मी कोण हे अजून त्यांना सांगितलेलं नव्हतं. हा फोटो उलटा आहे का, एवढंच विचारलं.

"हो," तो म्हणाला. इतकं सहज, की पाऊस पडतोय का विचारावं आणि हो म्हणावं.

त्याने पाकिटातून निगेटिव्ह काढली, खालून उजेड पडणाऱ्या काचेच्या टेबलावर ठेवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. काळ्याचं पांढरं झालेली ती बोटभर गाडी डावीकडे तोंड करून उभी होती. तिची डावी बाजू आमच्याकडे होती. बाबा डाव्या चाकाशी बसले होते.

"फोटो डाव्या पानावर येत होता," तो समजावून सांगायला लागला. "गाडीचं तोंडही डावीकडे. म्हणजे गाडी पुस्तकाच्या बाहेर पळतेय. ते चालत नाही. गाडी नेहमी आत पळाली पाहिजे, नाहीतर वाचकाची नजर पानावरून घसरते. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. म्हणून फिरवून घेतली. आठ नंबर होता, नशीब. तीन किंवा सात असता तर जमलं नसतं."

"आणि मागे ही पाटी आहे ती?" मी विचारलं. निगेटिव्हमध्ये बाबांच्या मागे सरळ वाचता येणारी अक्षरं असलेली एक पाटी दिसत होती.

"ती कापली ना. अक्षरं उलटी दिसली असती." तो थोडा हसला. "बारकाईने काम करायचो मी."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, अगदी खरं सांगते. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, माझ्या रागाला जागा मिळाली असती. पण त्याने एक पान देखणं केलं होतं, आणि त्याला आजही ते देखणंच वाटत होतं.

"खाली 'हेच चाक निखळलं' हे कुणी लिहिलं?"

"मजकूर लिहिणारे वेगळे असायचे. त्यांच्यासमोर तयार पान जायचं. त्यांनी पाहिलं, उजवं चाक आहे, उजवंच निखळलं होतं, झालं."

"हातोडी घेतलेला माणूस माझा बाप आहे," मी म्हणाले. "त्याने या पानावर चाळीस वर्षं काढली."

पानं लावणाऱ्याने मोजे काढले. पुन्हा घातले. मी त्याला शब्द सुचवणार नव्हते. प्रकाशकबाईंनी पाणी मागवलं. त्या म्हणाल्या, फोटो सरळ करू, खालची ओळ बदलू, पुस्तकात आधीच्या चुकीबद्दल चार शब्दही छापू. पण चाकं दोन आणि माणसंही दोनच. एकाला सोडवलं की बोट आपोआप दुसऱ्याकडे जातं, आणि तो माणूस हयात आहे. तेव्हा वडिलांच्या सहीचा कागद लागेल, 'मी डाव्या चाकावर होतो' एवढाच. आमचा वकील त्याशिवाय हलणार नाही.

"आणून देते," मी म्हणाले. त्यांनी मला सरळ छापलेला मोठा फोटो दिला.

दुसरा माणूस कोण हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण खरंच शिरलं नव्हतं. घरी येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं आणि तेव्हा शिरलं. बाबा डावीकडे, म्हणजे उजवीकडे मामा. बाजू बदलल्या असं चौकशीत सांगणारा मामा. ज्याच्या गॅरेजमध्ये बाबांनी रॉकेलमध्ये हात बुडवून तीस हिवाळे काढले तो मामा. माझ्या शिक्षणाला उभा राहिलेला. दर गुरुवारी चार वाजता बाबांशी पत्ते खेळायला न चुकता येणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ऐकून होते. पण आमच्याकडे चोरानेच संन्याशाला नोकरी दिली होती, आणि संन्याशाची बायको चोराचे उपकार मोजत मेली. मला भर बसमध्ये रडू आलं, आणि ते आईसाठी आलं.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. मामा यायच्या आधी बाबांशी बोलायचं ठरवलं होतं. बाबा एकोणऐंशीचे आहेत. गुडघे गेलेत, कान निम्मे गेलेत, पण डोकं शाबूत आहे. खिडकीजवळच्या टेबलावर ते पत्ते पिसत बसले होते. मी फोटो समोर ठेवला.

त्यांनी आधी तो दूर सारला. मग मी काय बोलतेय ते कानावर पडलं तेव्हा ओढून घेतला. मी सगळं सांगितलं: डावं पान, गाडीचं तोंड, आठचा आकडा, कापलेली पाटी. त्यांचा डावा हात घेऊन फोटोतल्या हाताशेजारी ठेवला. "बघा बाबा. हे बोट, हे बोट. तुम्ही डावीकडे होता. तुम्ही चौकशीत सांगितलं होतं तेच खरं होतं."

मला वाटलं होतं ते रडतील. उठून मला जवळ घेतील असंही वाटलं होतं, पन्नाशी उलटली तरी माणूस अशा गोष्टींची वाट बघतो. ते फोटोवरून नजर न काढता म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?"

"मी उजवीकडे होतो. मला आठवतंय. नट पुरता बसला नव्हता. तिसऱ्या घावाचा आवाज बद्द आला होता. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी मान वळवली."

"बाबा, हे तुम्हाला फोटो बघितल्यावर आठवायला लागलंय. आधी तुम्ही असं म्हणत नव्हता."

"तू नऊ वर्षांची होतीस. तुला काय माहीत मी काय म्हणत होतो?"

"बोटाचं काय मग?"

ते आपल्या हाताकडे बघायला लागले. तो उलटा केला, सुलटा केला. माझा आवाज चढला, तो मला आवरता आला नाही. मी म्हणाले, तुम्ही निर्दोष आहात हे सांगायला आलेय मी आणि तुम्ही माझ्याशीच भांडताय. दुसरा कुणी असता तर नाचला असता. कागद पुढे केला, पेन दिलं. "एवढी सही करा. पुस्तकात छापून येईल. तुमच्या डोळ्यांदेखत."

बाबा उठले. गुडघ्यांवर हात टेकत कपाटापर्यंत गेले आणि कपड्यांच्या घडीखालून एक पाकीट काढून आणलं. मी ते कधी पाहिलं नव्हतं. आत चार ओळींचं पत्र होतं, थरथरत्या अक्षरातलं, घडीवर विरलेलं. आठ नंबर चालवणाऱ्या मुलाच्या आईचं.

"दर वर्षी त्या तारखेला मी तिला लिहायचो," बाबा म्हणाले. "माझ्या हातून झालं, म्हणून. पाच वर्षं उत्तर नाही. सहाव्या वर्षी हे आलं. वाच."

मी वाचलं. तिने लिहिलं होतं की इतकी वर्षं तुमची पत्रं न फोडता ठेवून दिली, या वर्षी सगळी एका दमात वाचली. माझ्या मुलाच्या बाबतीत खरं बोलणारे तुम्ही एकटेच निघालात. मी तुम्हाला क्षमा केली आहे. आता लिहू नका, शांत राहा.

"दुसऱ्या वर्षी ती गेली," बाबा म्हणाले. "तिने मला क्षमा केली. कळतंय का तुला? सगळ्या जगात एकाच माणसाला तो हक्क होता आणि तिने केली. मी डावीकडे असेन तर मी तिला सहा वर्षं खोटं लिहिलं. खोटं ऐकून ती गेली. मग ही क्षमा मी कुणाला परत करू? सांग ना. तुझ्याकडे सगळ्याची उत्तरं आहेत."

आणि तेवढ्यात बेल वाजली. चार वाजले होते.

मामा आत आला, टोपी काढली, खुर्चीवर बसला. पंच्याहत्तरीतही ताठ आहे. टेबलावर पत्त्यांच्या जागी फोटो होता. त्याने चष्मा लावला. मी त्याच्या डोळ्यांकडेच बघत होते. त्याची नजर गाडीवर गेली नाही, बाबांच्या चेहऱ्यावरही गेली नाही. ती सरळ त्या बोटावर गेली आणि तिथे थांबली. बेचाळीस वर्षं त्याला कुठे बघायचं ते माहीत होतं.

"ही म्हणते फोटो उलटा छापला होता," बाबा म्हणाले. "म्हणते मी डावीकडे होतो. माझं ऐकत नाही. तूच सांग हिला, तू होतास तिथे. मी उजवीकडे होतो की नाही?"

मामाने चष्मा काढला, पुसला. खोलीत आम्ही तिघंच. मी मनात म्हणत होते, बोल. एकदा बोल. मी तुला काही म्हणणार नाही, आईची शपथ. उरलेलं आयुष्य तुला मामाच म्हणेन.

"उजवीकडेच होतास," मामा म्हणाला.

"बघ," बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा इतका निवला होता की मला बघवेना. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मी तेव्हा पाहिलं. मी आणली होती ती सुटका मात्र टेबलावर तशीच पडली होती.

"मामा, तू पुन्हा एकदा नीट बघ," मी म्हणाले. "बोट बघ."

"पोरी, फोटोचं मला कळत नाही. मला आठवतंय ते सांगितलं."

"खोटं बोलतोयस तू. तेव्हाही बोललास, आत्ताही बोलतोयस. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं या घरात येऊन बसतोस दर आठवड्याला."

"तोंड सांभाळ," बाबा ओरडले. ते माझ्यावर कधी ओरडत नाहीत. "याच्या अन्नावर वाढलीस तू. माफी माग त्याची."

"राहू दे रे, पोर आहे," मामा म्हणाला. मी एक्कावन्न वर्षांची आहे.

"नाही. मागू दे. आत्ता."

पत्राचा कागद अजून त्यांच्या हातात होता. मी त्या हाताकडे पाहिलं. खरं काय ते त्यांना पटवून देणं मला शक्य होतं. मी चिवट आहे, आणखी तासाभरात मी त्यांना पटवलंच असतं. आणि मग त्यांच्याकडे एक सरळ फोटो उरला असता, बाकी काही नाही. ना ती क्षमा, ना तो मेहुणा, ना गुरुवार.

"चुकलं माझं, मामा," मी म्हणाले.

"असू दे, असू दे."

बाबांनी पत्र कपाटात कपड्यांच्या घडीखाली परत ठेवलं आणि पत्ते वाटायला घेतले. मी गॅलरीत जाऊन प्रकाशकबाईंना फोन केला. म्हटलं, सही होणार नाही, आहे तसं छापा. त्यांनी कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, तुम्हाला वाईट वाटेल, पण पान तसंच जास्त चांगलं दिसत होतं.

साडेपाचला मामा निघाला. मी त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले, सौजन्य म्हणून नाही, दार लावायचं होतं म्हणून. तो कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. मागे वळला नाही.

"तो डावीकडे होता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मी दोनच घाव घातले होते. मालक पाठीवर थापा मारत होता, सोडा, सोडा." तो कठड्यावरून हात फिरवत राहिला. "तुझी आई तेव्हा आजारी होती. मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत, मग सांगू. मग ते पुस्तक आलं आणि तोच म्हणाला की मीच होतो. मी काय करणार होतो?"

"'नाही' म्हणणार होतास."

तो आणखी एक पायरी उतरला. मग म्हणाला, "मी गेल्यावर सांग त्याला."

"मग लवकर जा," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि एकेक पायरी मोजत खाली गेला. मला वाटलं, निदान एवढ्यानंतर तरी हा यायचा थांबेल. पुढच्या गुरुवारी चारच्या ठोक्याला बेल वाजली. दार मीच उघडलं. बाबा आतून म्हणाले, "मामा दमून आला असेल, आधी त्याला पाणी दे."

मी दिलं.